जुनं खेळणं आधी आपल्या घरात

१९४७ सालचा नाताळ तोंडावर आला होता. लॉस एंजेलिसमध्ये डायान हेंड्रिक्स यांनी घरीच एक कापडी बाहुली तयार केली आणि ती नवऱ्याच्या हाती देऊन सांगितलं, गरजू मुलांना खेळणी वाटणारी एखादी संस्था शोधा आणि तिथे ही पोचती करा. बिल हेंड्रिक्स हे अमेरिकेच्या मरीन राखीव दलात मेजर. त्यांनी चौकशी केली, पण अशी संस्थाच सापडेना. मग तुम्हीच एक काढा, असं बायकोनं सुचवलं. त्या नाताळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजार खेळणी जमवली. पुढच्याच वर्षी हा उपक्रम देशभर पसरला. ‘टॉइज फॉर टॉट्स’ या नावानं तो आजही चालू आहे आणि त्याची आगगाडीची खूण वॉल्ट डिस्नेंनी काढून दिलेली आहे.

सुरुवातीची तीसेक वर्षं या उपक्रमात वापरलेली खेळणीही जमत. राखीव दलाचे जवान ती दुरुस्त करून, ठाकठीक करून वाटत. १९८० पासून मात्र नियम झाला, खेळणं नवंच हवं. यामागे तीन कारणं होती. जवानांना सरावातून दुरुस्तीला वेळ उरेना. खेळण्यात काही दोष निघाला तर कायद्यानं कोण जबाबदार, हाही पेच होता. तिसरं कारण सगळ्यांत खोलवर जाणारं आहे. मुलाचा आत्मसन्मान वाढावा म्हणून भेट द्यायची, आणि भेट काय, तर दुसऱ्या मुलानं खेळून टाकलेली वस्तू, हे जुळत नाही असं त्यांना वाटलं.

नाताळला मुलांना वापरलेली खेळणी द्यावीत की नाही, हा प्रश्न युरोप-अमेरिकेत दर डिसेंबरात निघतो. एका बाजूला पैसे वाचतात, प्लास्टिकचा कचरा कमी होतो. दुसऱ्या बाजूला मनाला टोचणी लागते, की वर्षातून एकदा येणारा सण आणि त्यातही पोराला जुनंच द्यायचं? खर्चाचा हिशोब सोपा आहे. टोचणीकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण ती खोटी नाही. ती जुनेपणाची नाही, इतकंच. जुनं खेळणं ज्या दिशेनं प्रवास करतं, त्या दिशेची ती टोचणी आहे. सुखवस्तू घरातल्या मुलाला नवं आणि त्याचं झालं की गरिबाच्या मुलाला, हा एकच उतार वर्षानुवर्षं राहिला, तर चांगल्यातलं चांगलं खेळणंसुद्धा उष्टं होतं. तेच खेळणं ऐपत असलेल्या आईबापांनी स्वतःच्या लेकराला आनंदानं दिलं, तर त्यातला उष्टेपणा निघून जातो.

वस्तू कुणाच्या तरी हातून आली म्हणून ती कमी, हे लहान मुलं शिकलेली नसतात. त्यांचा कल उलटाच असतो. ब्रिस्टल विद्यापीठाचे ब्रूस हूड आणि येलचे पॉल ब्लूम यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक ‘यंत्र’ दाखवलं. त्यात ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल बनते, असं त्यांना भासवलं. साध्या खेळण्यांच्या नकला मुलांनी खुशाल घेतल्या. रोज उशाशी घेऊन झोपायच्या अस्वलाची किंवा दुलईची वेळ आली, तेव्हा काही मुलांनी ती यंत्रात ठेवायलाच नकार दिला. ज्यांनी ठेवली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी परत घेताना मूळचीच मागितली. वस्तूला इतिहास असतो आणि तिची किंमत त्या इतिहासात असते, हे चार वर्षांच्या पोराला कळतं. नवं-जुनं ही प्रतवारी त्याला मोठी माणसं शिकवतात.

मराठी घरांना तर हे सांगायला नको. बाळ जन्माला आलं की त्याला गुंडाळायला आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी काढतात, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड नव्या कापडासारखं अंगाला टोचत नाही. पाळणा नात्यातल्या नाहीतर शेजारच्या घरून येतो. भातुकलीची पितळी भांडी आईची, कधी तिच्याही आईची असतात. यातलं काहीच कुणाला दान वाटत नाही, कारण देणारा आणि घेणारा एकाच पंगतीत बसलेले असतात.

तर द्यायचं कसं? पहिली गोष्ट, लपवून द्यायचं नाही. ब्रिटनमध्ये गावोगावी चॅरिटी शॉप आहेत. लोकांनी दिलेल्या वस्तू विकून संस्था निधी उभारतात. तिथे चित्रकोड्याचे खोके मांडलेले असतात आणि एखाद्यावर कुणा स्वयंसेवकानं चिठ्ठी चिकटवलेली असते, की तुकडे मोजले आहेत, एक कमी आहे. ती चिठ्ठी फाडून, खोका चकचकीत कागदात गुंडाळून नवा म्हणून मुलाच्या हातात ठेवणं ही फसवणूक झाली. मूल शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचतं तेव्हा ती उघडी पडते. चिठ्ठी तशीच ठेवून ‘हे आधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं, एक तुकडा त्यांच्याकडेच राहिला’ असं सांगितलं, तर त्या रिकाम्या जागेचीही गोष्ट होते.

दुसरी गोष्ट कष्टाची आहे. दुकानात पैसे देऊन जी मेहनत टळते, ती इथे स्वतः करावी लागते. लेगोच्या विटांचा जुना डबा घ्या. त्यावर चिकट धूळ असते. तळाशी पेन्सिलीची सालं, कुत्र्याचे केस, गाडीचं एक सुटं चाक, कुठल्या तरी बाहुल्याचं हेल्मेट घातलेलं मुंडकं. सगळं जुन्या चादरीवर ओतायचं. दुसऱ्या खेळण्यांचे घुसखोर तुकडे वेगळे काढायचे. विटा कोमट पाण्यात, चाळीस अंशांपेक्षा गरम नको, साबण घालून हातानं धुवायच्या, खाचांमधून जुना टूथब्रश फिरवायचा आणि टॉवेलवर पसरून वाळू द्यायच्या. दोन संध्याकाळी तरी जातात. पण लेगोच्या विटेचं हे रूप २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवलं गेलं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर अजूनही घट्ट बसते. धुतलेल्या, रंगांप्रमाणे लावलेल्या विटांचा डबा ज्या आईबापांनी तयार केला, त्यांनी ‘जुनं देऊन भागवलं’ असं कोण म्हणेल?

प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाहून आलेल्या लेगोच्या विटा तपासून २०२० मध्ये अंदाज मांडला, की अशी वीट समुद्रात १०० ते १,३०० वर्षं टिकू शकेल. इतकं टिकाऊ प्लास्टिक एका बालपणापुरतं वापरणं ही शुद्ध उधळपट्टी आहे.

मात्र टिकतं ते सगळं सुरक्षित असतं असं नाही, आणि इथे भाबडेपणा चालणार नाही. त्याच विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी घरं, पाळणाघरं आणि चॅरिटी शॉपमधली २०० वापरलेली प्लास्टिक खेळणी तपासली. २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत शिसं, कॅडमियम, ब्रोमिन यांसारखे घातक घटक अनेक खेळण्यांत आढळले. विशेषतः पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगांच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या लेगोच्या विटाही त्यातून सुटल्या नाहीत. म्हणजे आजोबांच्या काळातली वीट आजच्या विटेवर बसेल, पण प्रत्येक गोष्ट तोंडात घालणाऱ्या दीड वर्षाच्या बाळाला ती द्यायची नाही. फिशर-प्राइसची ‘लिटल पीपल’ ही छोटी माणसं १९९१ मध्ये मुद्दाम जाडजूड करण्यात आली, कारण आधीची बारीक माणसं घशात अडकण्याचा धोका होता. जुनी माणसं अजूनही माळ्यांवर पडलेली आहेत. युरोपात खेळण्यांवर ‘सीई’ ही खूण १९९० पासून आली. ती नसलेली खेळणी चॅरिटी शॉप सहसा विकायला घेत नाहीत. भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून, त्यामुळे त्याआधीच्या प्लास्टिक खेळण्याकडे डोळसपणे पाहायला हवं. रंगाचे पोपडे उडालेलं, बटण-सेलचं झाकण स्क्रूनं बंद न होणारं, लोहचुंबक सुटलेलं खेळणं कुणालाच द्यायचं नाही. स्वतःच्या मुलाला नाही आणि दान म्हणूनही नाही.

स्वस्त मिळतं म्हणून ढीग लावायचा मोहही आवरायला हवा. टोलीडो विद्यापीठात ३६ लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत सोडून पाहिलं, तेव्हा चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तीन नव्या खेळण्यांच्या पैशांत तीस जुनी आणली, तर कचरा फक्त या घरातून त्या घरात सरकतो.

राहता राहिला सांताक्लॉज. उत्तर ध्रुवावरच्या कारखान्यातून आलेल्या गाडीवर ओरखडे कसे, असं सहा वर्षांची मुलगी विचारणारच. तेव्हा जुनं खेळणं सांताच्या नावावर खपवू नये, आईबाबांच्या नावानं द्यावं. आणि मुलानं वर्षभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला असेल, तर ती जुनी चालेल का, हे त्यालाच आधी विचारावं. दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीनंतर वर्गात ‘तुला काय मिळालं?’ या प्रश्नाला तोंड द्यायचं असतं. तिथे त्याला आईबापांच्या तत्त्वांचा झेंडा धरायला लावणं बरं नव्हे. पण त्याच वर्गात अशीही मुलं असतात, ज्यांच्या घरी जुन्याशिवाय पर्याय नसतो. चांगली ऐपत असलेल्या चार घरांतली मुलं ‘माझी सायकल आधी मावसभावाची होती’ असं सहज बोलू लागली, की या मुलांनाही खाली मान घालावी लागत नाही. जुनं खेळणं द्यावं यासाठी एवढं एकच कारण असतं, तरी ते पुरेसं होतं.

ऐपतवाल्यांनी जुनी खेळणी घेतली तर गरिबांना उरतील का, अशी शंका काढली जाते. माळे, पोटमाळे आणि पलंगाखालचे खोके पाहिले, की खेळण्यांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये एस्किलस्टुना इथे २०१५ साली ‘रेटुना’ हा मॉल उघडला. शेजारच्या कचरा केंद्रात लोक ज्या वस्तू सोडून जातात, त्या निवडून, दुरुस्त करून तिथल्या दुकानांत विकल्या जातात. गिऱ्हाईक तिथे नेहमीच्या बाजारहाटासारखं येतं. कुणी कुणावर उपकार करत नाही.

मुंबई-पुण्यातही नाताळच्या सुमारास सोसायट्यांत आणि ऑफिसांत खेळणी गोळा करायचे खोके ठेवले जातात. हेतू चांगला असतो, पण खोक्यात हात घातला की चाक तुटलेली गाडी निघते, एक डोळा निखळलेलं अस्वल निघतं, सोंगट्यांविना सापशिडी निघते. जे घरात नको झालं, ते गरिबाच्या पोराला चालेल, हे गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेतल्या त्या जवानांनी १९८० साली जुनी खेळणी बंद केली, त्यामागचं एक कारण हेच होतं. दान म्हणून द्यायचं असेल, तर त्यांचा नियम आजही बरोबर आहे.

खोका हटवून त्या जागी दोन टेबलं मांडता येतील. २५ डिसेंबरच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घरानं एक धुतलेलं, चालू स्थितीतलं खेळणं आणायचं. सोबत चिठ्ठी: हे कुणाचं होतं, ते मूल यानं काय खेळायचं, यात काय कमी आहे. मग सोसायटीतल्या प्रत्येक मुलानं एक उचलायचं. सेक्रेटरींच्या नातवानं, तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलानं आणि वॉचमनच्या मुलीनं, सगळ्यांनी त्याच टेबलांवरून. पहिला नंबर कुणाचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.