माणूस कामावर ठेवलाय? मग तुम्ही आता शिक्षक आहात!



जळगाव असो की धुळे, आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तक्रार हमखास असते. "सर, माणूस टिकत नाही. शिकवला की शेजारच्या दुकानात जातो."

माझं मत स्पष्ट आहे. दुकान टाकलं की तुम्ही मालक होता, पण पहिला माणूस कामावर ठेवला की शिक्षकही होता. आणि शिकवायचं कसं, हे आपल्याला बीबीएमध्येसुद्धा कोणी शिकवत नाही.

ते आपल्या अमळनेरात शिकायला मिळतं. अमळनेर म्हटलं की धंदेवाल्यांना विप्रो आठवते, कारण १९४५ साली तिची सुरुवात तिथेच वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. त्याच गावात दोन दशकं आधी एक तरुण मास्तर कामाला लागला होता. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. मूळचे कोकणातल्या पालगडचे. इथे आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करायला, आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

त्यांच्याकडून धंद्यासाठी तीन गोष्टी घ्या.

१. आधी स्वतः करा. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर गुरुजी स्वतः आवरायचे, कपडेसुद्धा धुवायचे. ते बघून पोरांनाच लाज वाटायची. तुम्ही गल्ल्यावर बसून "झाडू मार रे" म्हणता, तेव्हा पोरगा झाडू मारायला नाही, हुकूम सोडायला शिकतो.

२. रोज थोडं, पण रोज. वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. आपल्याला एवढं नाही जमणार. पण आज कोणता माल आला, कोणत्या गिऱ्हाईकाची उधारी थांबवायची, काल काय चांगलं झालं, एवढ्या चार ओळी व्हॉट्सॲपवर टाकायला काय लागतं?

३. स्वतः शिकत राहा. १९३२ मध्ये धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. ते उतरवून घेणारे साने गुरुजीच. म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. इतकी वर्षं शिकवलेला माणूस तिथे विद्यार्थी होऊन बसला! आणि आपण दोन वर्षं दुकान चालवलं की म्हणतो, आपल्याला सगळं येतं.

आता कोणी म्हणेल, "सर, शाळा वेगळी, धंदा वेगळा." बरोबर आहे. शाळेतला पोरगा मास्तरला कमवून देत नाही. तुमच्याकडचा देतो. म्हणून तुमची जबाबदारी जास्त आहे.

आणि एक गोष्ट जरा कडक सांगतो. प्रेमाने शिकवणं म्हणजे "घरचाच समजतो" म्हणत बारा तास राबवणं नाही. पगार वेळेवर, सुट्टी ठरलेली, मगच शिकवण्याच्या गप्पा.

तरी तो जाईल का? जाऊ शकतो. खुद्द गुरुजींनी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. पण तुमच्याकडे शिकलेला पोरगा उद्या स्वतःचं दुकान टाकेल, तेव्हा "मी अमक्या शेठकडे शिकलो" असं गावभर सांगेल. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या माणसाला एक नवीन काम शिकवा. बिल बनवणं, माल मोजून घेणं, काहीही. आधी स्वतः करून दाखवा, मग त्याला करू द्या. आणि तो करत असताना मध्ये बोलू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!