आज्ञावलीचे कुलूप आणि कारकुनाची मान

परदेशी कंपन्यांची संगणकी कामे उरकून देणारे शहर म्हणून बंगळूरची ख्याती आहे. परंतु देशातील छोट्या दुकानदाराची खतावणी संगणकावर आणणारी ‘टॅली’ ही आज्ञावलीही याच शहरातील. श्यामसुंदर व भरत गोएंका या पितापुत्रांनी १९८६ साली हा उद्योग उभारला. टॅली गल्लोगल्ली पोहोचली, त्यात विकत घेतलेल्या प्रतींबरोबरच फुकट उतरवलेल्या नकलांचाही वाटा होता.

त्यावर कंपनीने कुलूप घातले. परवाना इंटरनेटवरून पडताळला जातो. तो नसेल, तर आज्ञावली केवळ शिकाऊ पद्धतीने चालते आणि महिन्यातील पहिली, दुसरी, एकतिसावी अशा मोजक्याच तारखांच्या नोंदी करू देते. विद्यार्थ्यास तेवढे पुरते, दुकानास नाही. हा उपाय न्याय्यच म्हटला पाहिजे. नक्कल करणे म्हणजे मक्तेदारीशी लढणे, ही समजूत भोळी आहे. वस्तुतः फुकट नकलेमुळे बाजाराला एकाच मालाची सवय जडते आणि पर्यायी आज्ञावलीचा पाय रोवलाच जात नाही.

प्रश्न कुलपाचा नाही, त्यामागे उभ्या असलेल्या कायद्याचा आहे. संगणक आज्ञावली कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत १९८४ साली आली. १९९४ साली कलम ६३ब घातले गेले. त्यानुसार नकली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कुलूप तोडण्याबद्दल २०१२ पासून वेगळी शिक्षा आहे. आता ‘वापरणारा’ कोण? नकली प्रत आणवतो मालक, पैसे वाचतात मालकाचे. पण कळफलकावर बोटे असतात ती पगारी कारकुनाची. ‘ही नकली आहे, मी काम करणार नाही’ असे म्हणण्याची त्याची छाती कशी व्हावी?

आणि हा हक्क तरी कोणाचा रक्षिला जातो? त्याच कायद्याचे कलम १७ सांगते की, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला मालक नोकरी देणाराच. म्हणजे बंगळूरमध्ये रात्र जागून ती लिहिणाराही बिनहक्काचा आणि नागपुरात ती चालवणाराही!

शिक्षेचा रोख मालकाकडे वळवणारी दुरुस्ती संसदेने करावी. २०१७ पासून जीएसटीची विवरणे संगणकावर भरण्याची सक्ती करणाऱ्या सरकारने मुक्त आज्ञावलीही प्रत्येक दुकानापर्यंत पोहोचवावी. केरळने आपल्या सरकारी शाळांपुरते ते करून दाखविले आहे.