टोकन ‘जाळलं’ की भाव वाढतो?

‘कंपनी टोकन जाळणार, माल कमी होणार, भाव वाढणार!’ असे मेसेज कराडातही आपल्या मुलांच्या मोबाइलवर फिरतात. त्यात खरं किती?

टोकन जाळणं म्हणजे ते कायमचं नष्ट करणं किंवा अशा खात्यावर पाठवणं, ज्याची चावी कुणाकडेच नाही. तिथून ते परत येत नाही. इथेरियममध्ये ऑगस्ट 2021 पासून व्यवहाराच्या शुल्काचा एक भाग जळतो. बिटकॉइनमध्ये नवी भर ठरावीक काळाने निम्मी होते. एप्रिल 2024 मध्ये दर ब्लॉकमागची 6.25 नाणी 3.125 वर आली. हे नियम कुणा एका मालकाच्या मर्जीवर नाहीत.

आता गुळाचं बघा. व्यापाऱ्यानं निम्म्या ढेपा कृष्णेत सोडल्या, तर उरलेल्यांचा भाव वाढेल. पण गिऱ्हाईक असेल तरच. आणि त्याच्याच गुऱ्हाळात रातोरात नव्या ढेपा निघत असतील तर?

पुणे पोलिसांनी 2018 मध्ये कारवाई केलेलं ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण आठवा. महिना 10 टक्के परताव्याचा वायदा करून लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले. पुढे परतावा म्हणून हातावर ठेवलं ‘एमकॅप’ नावाचं घरचंच टोकन, ज्याची किंमत फारच कमी होती.

क्रिप्टो हलाल की हराम, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण ‘गरर’, म्हणजे सौद्यातली धोकादायक संदिग्धता, टाळावी हे आपण सगळेच मानतो. म्हणून आधी तीन सवाल विचारू: नवं टोकन कोण काढू शकतं? मालकाकडे किती आहेत? घेणारा कोण आणि कशासाठी? सरळ जवाब मिळाला नाही, तर मेहनतीची कमाई घरातच बरी.