नदीच्या माहेरचे सांडपाणी

महाबळेश्वर म्हणजे कृष्णेचे माहेर. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा मात्र सुमारे १४०० किलोमीटर वाहत, चार राज्ये ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या या लेकीच्या ओटीत आपण काय घालतो, हा मला आजचा खरा प्रश्न वाटतो.

२०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांची लोकसंख्या प्रत्येकी १५ हजारांच्या आत होती. दरडोई १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी असा सर्वसाधारण हिशेब धरला, तर १० हजार माणसांमागे रोज सुमारे ११ लाख लिटर सांडपाणी होते. उन्हाळ्याच्या नि दिवाळीच्या सुटीत तेवढेच पाहुणे मुक्कामाला आले, की हा आकडा दुप्पट! गाव छोटे, पण घाण मोठ्या गावाची.

बंगल्यामागे सेप्टिक टँक असला, की आपण निर्धास्त होतो. वास्तविक टाकीत मैला फक्त तळाशी बसतो. वरचे पाणी रोगजंतूंसह शोषखड्ड्यात जाते. महाबळेश्वरच्या माथ्यावर सच्छिद्र जांभा दगड आहे. त्यात मुरलेले पाणी खालच्या थरावर अडते आणि झरे होऊन कड्यांतून बाहेर पडते. त्याच पाण्याने पुढे ओढे भरतात. वेण्णेचे पाणी कण्हेर धरणात आणि कृष्णेचे धोम धरणात साठते. म्हणजे वरच्या गावाची मोरी खालच्या गावाच्या पाणवठ्यावर उघडते.

मग मोठे यंत्र बसवून टाकावे काय? सांडपाणी शुद्ध करतात ते जिवाणू. त्यांना रोज साधारण सारखे खाद्य लागते. इथे मे महिन्यात घाणीचा लोंढा येतो. पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ते पाणी गटारांत शिरले, की जिवाणूच वाहून जातात. शिवाय दऱ्याखोऱ्यांतून सगळे नळ एका जागी आणायचे म्हणजे ठिकठिकाणी पंप आणि विजेचे बिल. म्हणून उतारांप्रमाणे विभागलेली छोटी केंद्रे आणि मोठ्या हॉटेलांची स्वतःची व्यवस्था, हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

उदाहरणासाठी दूर जायला नको. घाट उतरला, की वाई लागते. तेथील नगरपालिकेने सेप्टिक टँक तुंबण्याची वाट न पाहता तीन वर्षांतून एकदा, ठरलेल्या पाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली. २०१८ मध्ये त्या गाळावर प्रक्रिया करणारे केंद्रही उभे राहिले. खर्चासाठी स्वच्छता कर आकारला. यात चमत्कार काहीच नाही. आहे ती केवळ शिस्त.

केंद्र सरकारने २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पण अधिसूचनेने टाकी उपसली जात नाही. त्यासाठी माणसे, टँकर आणि दरवर्षी पैसा लागतो. हा भार केवळ गावकऱ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. स्ट्रॉबेरी खाऊन, सूर्यास्त पाहून परतणाऱ्या तुम्ही-आम्ही प्रत्येक मुक्कामामागे थोडे पैसे द्यायला काय हरकत आहे? मात्र तो पैसा कुठे खर्च झाला, याचा हिशेब नगरपालिकेच्या फलकावर दरवर्षी लागला पाहिजे. आपण घाट उतरून घरी येतो. आपले सांडपाणीही आपल्यामागून तोच उतार उतरत असते.