पटावरचें राजकारण

"खेळ तो खेळ आणि राजकारण तें राजकारण, दोहोंची सांगड कशास घालावी?" असा प्रश्न पुष्कळ सुज्ञ माणसें करतात. त्यांच्यापुढें आम्ही घरोघरीं आढळणारा बुद्धिबळाचा पट मांडतों.

प्रथम मोहऱ्यांचीं नांवेंच पाहा. आपण ज्यास वजीर म्हणतों त्यास इंग्रज लोक राणी म्हणतात. आपला उंट इंग्लंडांत बिशप होतो आणि फ्रान्समध्यें विदूषक! मोहरा एकच, चालही एकच. परंतु राजाच्या कानाशीं कोण लागतें याविषयीं प्रत्येक देशाची कल्पना निराळी असावी, असें आम्हांस गमतीनें वाटतें. आणखी एक नवल असें कीं, या वजिरास पूर्वीं तिरप्या रेषेंत एकच घर चालण्याची मुभा होती. युरोपांत राणी म्हणविणाऱ्या या मोहऱ्यास आजचें सर्वसंचारी बळ लाभलें तें पंधराव्या शतकाच्या अखेरीस.

आतां खेळणाऱ्यांकडे वळूं. इ. स. १९७२ सालीं आइसलंडमधील रेक्याविक येथें अमेरिकेचा बॉबी फिशर व सोव्हिएट रशियाचा बोरिस स्पास्की यांचा सामना झाला. १९४८ पासून जगज्जेतेपद सोव्हिएट खेळाडूंकडेच होतें. फिशर सामन्यास जाण्याची टाळाटाळ करूं लागला, तेव्हां अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनीं स्वतः दूरध्वनि करून त्याचें मन वळविण्याचा यत्न केला. शेवटीं फिशर गेला आणि साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनीं जिंकला. दोन बलाढ्य राष्ट्रांची चुरस चौसष्ट घरांत मावली व रक्ताचा थेंबही सांडला नाहीं. असलें राजकारण खेळांत शिरलें तर आमची तक्रार नाहीं.

आमची तक्रार आहे ती दुसऱ्याच राजकारणाविषयीं. पटाशीं कोणास बसूं द्यावें, हें ठरवितांना तें चालतें. १९७६ सालीं मुंबईची रोहिणी खाडिलकर ही पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हां केवढें वादळ उठलें! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलें. अखेरीस जागतिक बुद्धिबळ संघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनीं निर्णय दिला कीं, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांस वगळतां येणार नाहीं. ज्या पटावर राणी सर्वांत बलवान्, त्याच पटाशीं बसण्यास मुलीला भांडावें लागावें, याहून मोठें नवल कोणतें?

पुढें जुलै २०२५ मध्यें नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत तिच्यासमोर कोनेरू हंपी ही भारतीय स्त्रीच होती. एक पिढी बसण्याच्या हक्कासाठीं झगडते, तेव्हां कोठें पुढच्या पिढीस केवळ चालींचा विचार करण्याची मोकळीक मिळते.

म्हणून आमची पालकांस एवढीच विनंति आहे. सुटींत घरीं पट मांडला जाईल, तेव्हां खेळावयास कोण बसतें आणि चहा करावयास कोण उठतें, हें जरा पाहावें. नेहमीं मुलगाच बसत असेल व मुलगीच उठत असेल, तर तो डाव आरंभींच बिघडला असें समजावें. हायकोर्टाचा हुकूम स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचत नाहीं. तेथील निकाल आईबापांनींच द्यावयाचा असतो.