हिमतोफांची तहान

फ्रान्सच्या आल्प्समधील ला क्लुसाज या गावी हिमतोफांसाठी चार जलाशय असताना पाचव्याचा घाट घालण्यात आला. क्षमता १ लाख ४८ हजार घनमीटर, म्हणजे जवळजवळ १५ कोटी लिटर. त्यातील एक तृतीयांश पाणी पिण्यासाठी, उरलेले स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम हिम पाडण्यासाठी. २०२२ च्या उन्हाळ्यात सारा फ्रान्स दुष्काळाने होरपळला आणि त्याच सप्टेंबरात शासनाने या योजनेला मंजुरी दिली! गावाच्या तहानेचीच चिंता असती, तर एक तृतीयांश जलाशय पुरेसा नव्हता काय? पिण्याच्या पाण्याचे नाव पुढे करून करमणुकीच्या धंद्याची सोय लावण्याचाच हा प्रकार होता.

आभाळातून पडणाऱ्या हिमाला मालक नसतो. कृत्रिम हिमासाठी मात्र पाणी अडवावे लागते, पंप चालवावे लागतात, दाबाखालील हवेने तुषार उडवावे लागतात. शिवाय पुरेशी थंडी नसेल तर या तोफाही मुक्याच राहतात. म्हणजे ज्या तापमानवाढीने खरे हिम हिरावले, तीच उद्या खोटेही हिरावणार. २०२० च्या फेब्रुवारीत पिरेनीज पर्वतातील ल्यूशों-स्युपरबान्येर येथे सुमारे ५० टन हिम हेलिकॉप्टरने वाहून आणले गेले. आग विझवण्यासाठी तेल ओतावे, तसाच हा उपाय.

हे केले नाही तर रोजगार बुडेल, असे सांगितले जाते. पाळणे चालवणाऱ्या आणि हॉटेलांत राबणाऱ्या हंगामी कामगारांची चिंता खरीच आहे. पण त्यांना आडोसा करून भांडवल आपली गुंतवणूक राखू पाहते. कृत्रिम हिमाचे संरक्षण मर्यादित आणि तात्पुरते आहे, असे फ्रान्सच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेनेच २०२४ मध्ये बजावले. मग सार्वजनिक पैसा वितळत्या उतारांवर ओतण्याऐवजी त्याच कामगारांच्या पर्यायी उपजीविकेवर का खर्च होऊ नये?

ला क्लुसाजचे रान वाचवण्यासाठी कार्यकर्ते झाडांखाली तळ ठोकून बसले. मुख्यतः कृत्रिम हिमासाठी असलेले हित पर्यावरणरक्षणाच्या निकडीपुढे टिकत नाही, असे मानून न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरीला स्थगिती दिली. पण प्रत्येक डोंगरासाठी जनतेने न्यायालयाचीच पायरी चढावी काय? पाण्यावर पहिला हक्क तहानेचा, मग शेताचा आणि रानाचा. खेळाची पाळी त्यानंतर. हा क्रम शासनानेच ठरवला पाहिजे. तो बाजारावर सोडला, तर डोंगर पांढरे दिसतील आणि झरे कोरडे पडतील.