टोळी कशी बांधावी?

हल्ली मुलाच्या हाती खेळ दिसला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. खेळ कोणता, त्यात मूल करते काय, ही चौकशी करण्याची तसदी कोणी घेत नाही. ‘पोर बिघडले’ एवढा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. मी शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्याही लिहितो. मुलांशी आणि पात्रांशी माझी रोजची गाठ. त्या अधिकाराने सांगतो, संगणकावरच्या ज्या सोंगांच्या खेळांत एकेक पात्र घडवून त्यांची टोळी बांधतात आणि मोहिमेवर निघतात, त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि पहिला धडा मुलांनी नव्हे, आम्हां बीडकरांनी घ्यावयाचा आहे.

या खेळांचे मूळ कागद-पेन्सिलीत आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण; प्रत्येकासाठी तीन फासे टाकावयाचे. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त खेळणारा संगणकावर सहा गड्यांपर्यंत टोळी बांधून भुयारात उतरू लागला. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये आपले पात्र घडविण्यास २७ गुणांक मिळतात. बळ वाढवावे तर बुद्धीला कात्री लागते! म्हणून सर्वगुणसंपन्न असा गडी नसतोच. योद्धा घाव झेलतो, पुजारी जखमा भरतो, जादूगार दुरून मारा करतो, चोर कुलूप उघडतो. चारही योद्धेच घेतले, तर जखम झाल्यावर पट्टी बांधावयास कोणी नाही. पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत मुलांची उतरंड रचणाऱ्या आम्हां मास्तरांना हे कोणी शिकविले होते?

खेळ फार वेळ खातात, काही पैसेही उकळतात, हे मला मान्य आहे. त्यावर आईबापांनी अंकुश ठेवावा. पण पुण्या-साताऱ्याकडची मुले दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात, त्यांचे आपण कौतुक करतो ना? कोणता गडी दरवाजावर, कोणता बुरुजावर, हा विचार तिथेही आहेच.

आता या खेळाचा काळा भाग सांगतो. १९८१ च्या प्राथमिक नियमांत बुटक्याच्या पोटी जन्मलेल्याचा धंदाही ‘बुटका’ हाच! वाचकहो, ओळखीचे वाटते ना? १९७८ च्या नियमपुस्तकात माणसाच्या जातीबाहेर जन्मलेल्या पात्राला बहुतेक धंद्यांत ठराविक पायरीच्या वर चढता येत नसे, आणि स्त्रीच्या बळाची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली ठेवलेली होती. पण नियम बदलत गेले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जन्माची ही बंधने राहिली नाहीत. २०२४ च्या पुस्तकात तर वाढीव गुण जन्मावरून न देता, पात्राने पूर्वी कोणते काम केले, काय शिकले, यावरून द्यावयाचे ठरले. ज्यांचे नियम केवळ करमणुकीसाठी होते, त्यांनी ते सुधारले.

आणि आमची टोळी? दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादम उचल देतो आणि टोळी बांधतो. त्याच्या वहीत माणसे नसतात, ‘कोयते’ असतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून! ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढावयाचे, यांत बाईचा वाटा तसूभर कमी नाही. पण हिशेबात ती अर्धा कोयता, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. खेळात जखमी गड्यासाठी सारी टोळी मुक्काम करते. इथे आजारी बाईचा खाडा पडला की दंड कापला जातो. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. यावर निराळे भाष्य मी काय करू?

मुकादम म्हणतात, ‘मास्तर, मजुरी टनावर असते. ऊस दोघांनी मिळून तोडला, मग हिशेब वेगळा कसा करावा?’ अहो, दोनाने भागून! चौथीतले पोर करून दाखवील. अडचण भागाकाराची नाही, बाईचे नाव वहीत घालण्याची आहे. ते नाव आले की तिची मजुरी आली, तिचा खाडा आला, तिच्या आजारपणाची जबाबदारी आली. म्हणूनच ते टळते आहे.

माझी मागणी साधी आहे. टोळीत जितकी माणसे, वहीत तितकी नावे. प्रत्येक नावापुढे त्याचे काम आणि त्याचाच पैसा. आणि आजाऱ्याला दंडाऐवजी विसावा. कारखान्यांनी हे करावे, शासनाने करवून घ्यावे. आणि घरात पोर टोळी बांधीत बसले असेल, तर यंदाच्या दिवाळीत त्याच्यावर डोळे वटारण्याआधी त्याच्याशेजारी घटकाभर बसा. ते एका गड्याला एकच मोजते.